गळू आणि गुडघा

जिना उतरताना हल्ली माझा डावा गुडघा कट् करून वाजतो. घरातले म्हणतात, तेल चोळ. मला मात्र जॉन कोलमन आठवतो.

मेलबर्नचं क्रिकेटचं मैदान आपण पहाटे पाचला, रजईतून एक डोळा उघडून पाहिलेलं असतं. तिथला हिवाळा मात्र दुसऱ्याच खेळाचा, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा. चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथ मारून चेंडू मधल्या दोन खांबांतून काढला की गोल, त्याचे 6 गुण. बाजूच्या फटीतून गेला तरी 1. नेम चुकल्याबद्दलही पदरात काहीतरी टाकणारा हा खेळ मला भलताच दिलदार वाटतो.

ब्रॅडमन 1948 साली शेवटची कसोटी खेळले, सरासरी 99.94 वर थांबली. पुढच्याच एप्रिलमध्ये या फुटबॉलच्या मैदानात एसेंडन क्लबकडून वीस वर्षांचा कोलमन उतरला आणि पदार्पणातच त्यानं हॉथॉर्नवर 12 गोल केले. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात कार्लटन केव्हाच हरल्यात जमा होते. लोक थांबले होते ते कोलमनच्या हंगामातल्या शंभराव्या गोलसाठी. तो अगदी शेवटच्या मिनिटांत झाला. पुढच्या वर्षी 120 गोल, आणि पुन्हा विजेतेपद. बचाव करणाऱ्यांच्या खांद्यांच्याही वर झेपावून तो चेंडू झेलायचा म्हणे. वर गेलेला माणूस कधीतरी खाली येणारच, आणि खाली येताना सगळा भार कुणावर, हे माझ्या गुडघ्याला विचारा.

1954 साली फिट्झरॉयविरुद्ध 14 गोल. पुढच्याच आठवड्यात गुडघा गेला. वय 25. शस्त्रक्रिया झाली, परतायची खटपटही झाली. गुडघा बधला नाही. 98 सामने, 537 गोल. म्हणजे सामन्याला साडेपाचाच्या आसपास, आणि सामन्यांच्या शंभरीला दोन कमी. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यानं एसेंडनला 1962 आणि 1965 साली अजिंक्यपद मिळवून दिलं. 1973 मध्ये हृदयविकारानं गेला, 44व्या वर्षी. हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला आता त्याच्याच नावाचं पदक देतात.

पण मला चटका लागतो तो गुडघ्याचा नाही. 1951 च्या शेवटच्या साखळी सामन्यात त्याच्या मानेवर गळवं आली होती, आणि कार्लटनच्या एका खेळाडूचा हात नेमका तिथंच बसला, असं सांगतात. ठसठसणाऱ्या गळवाला नुसता शर्टाचा काठ लागला तरी माणूस कसा कळवळतो, हे ज्याला झालंय त्यालाच ठाऊक. कोलमननं उलटा ठोसा दिला. बंदी चार आठवड्यांची, म्हणजे बाद फेरी बुडाली. त्याच्याशिवाय एसेंडन अंतिम सामन्यापर्यंत पोचलं आणि जिलाँगकडून 11 गुणांनी हरलं.

दोन गोलांचे 12 होतात.