वारंवार हात धुवावे लागणाऱ्यांनी लोशन निवडताना

कामाच्या ठिकाणी सारखे हात धुवावे लागल्यामुळे ज्यांची त्वचा कोरडी पडते, ते लोशन घेताना बहुधा ‘सर्वांत चांगले कोणते?’ असे विचारतात. माझ्या मते त्याआधी एक वेगळा प्रश्न स्वतःला विचारायला हवा: हे लोशन लावल्यानंतर पुन्हा हात धुण्याची वेळ किती वेळाने येणार आहे? उत्तर ‘अर्ध्या तासाने’ असेल तर एका प्रकारचे लोशन उपयोगी पडते, ‘उद्या सकाळी’ असेल तर अगदी वेगळ्या प्रकारचे, आणि एकाच बाटलीकडून दोन्ही कामे करून घेण्याचा आग्रह धरला की दोन्ही अर्धवट होतात.

मी वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करते. हातमोजे चढवायचे, उतरवायचे आणि दर वेळी हात धुवायचे, हा तिथल्या कामाचाच भाग आहे. त्यात कोणाला सूट मिळत नाही आणि मिळूही नये. परिचारिका, दंतवैद्य, उपाहारगृहांतील आचारी, केशकर्तनालयातील कारागीर, पाळणाघरात मुलांना सांभाळणाऱ्या बायका या सर्वांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते. एका पाळीत मिळून २ तासांहून अधिक काळ हात ओले राहत असतील, किंवा दिवसाला २० पेक्षा अधिक वेळा हात धुवावे लागत असतील, तर ते काम त्वचेसाठी जोखमीचे समजावे, असा निकष व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे वापरला जातो. ‘हात जरा कमी धुवा’ हा सल्ला आमच्यासाठी नसतोच, त्यामुळे त्यावर मी वेळ घालवणार नाही.

लोशनची निवड नीट करायची तर धुण्याने नेमके काय बिघडते, हे आधी पाहावे लागते. शरीराच्या बहुतेक भागांवर त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षा जाड नसतो. त्याच्या रचनेसाठी त्वचाविज्ञानात विटांच्या भिंतीची उपमा रूढ आहे: मृत, चपट्या पेशी या विटा आणि त्यांना सांधणारे स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात वजनाने सुमारे निम्मा वाटा सेरामाइडचा, साधारण पाव वाटा कोलेस्टेरॉलचा आणि उरलेला मुख्यतः मेदाम्लांचा असतो. साबणातील मळ काढणारे घटक बाहेरून आलेल्या तेलकटपणाबरोबर हे स्निग्ध पदार्थही थोडेथोडे घेऊन जातात, शिवाय पेशींमधील प्रथिनांना चिकटून त्यांनाही डिवचतात. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे काही घटक तर नुसत्या पाण्यातही विरघळतात, म्हणून साबण न लावता दिवसभर ओले राहिलेले हातसुद्धा संध्याकाळी खरखरीत लागतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, म्हणजे सामूच्या मापाने ५ च्या आसपास असतो, तर पारंपरिक साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० असतो. आणि पाणी गरम असेल तर नुकसान अधिक होते. बाहेरच्या थरात पाण्याचे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या खाली गेले की तो थर लवचिकपणा गमावतो आणि बोटांच्या पेरांवर, जिथे त्वचा सतत दुमडते आणि ताणली जाते, तिथे चिरा पडू लागतात. तळहातावर तेलग्रंथी नसतातच. त्यामुळे चेहऱ्याची त्वचा जशी स्वतःच पुन्हा तेलकट होते, तशी सोय तिथे उपलब्ध नाही.

शरीर ही भिंत दुरुस्त करतच असते. स्निग्ध थराची बरीचशी भरपाई काही तासांत होते, पण ती पूर्ण व्हायला तरुण माणसातही साधारण ३ दिवस लागतात आणि वयानुसार हा काळ वाढतो. आता यात दर अर्ध्या-पाऊण तासाला होणारे हात धुणे मिळवून पाहावे. दुरुस्ती पुरी होण्याआधीच पुढची तोडफोड सुरू होते, आणि सुट्टीचे दोन दिवस मिळाले तरी हात पूर्ववत होत नाहीत, याचे कारण हेच आहे.

लोशनमधील उपयुक्त घटकांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटातील घटक पाणी ओढून धरतात; ग्लिसरीन, युरिया, सॉर्बिटॉल, हायलुरॉनिक आम्ल ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या गटातील घटक सुटू लागलेल्या पापुद्र्यांमधील फटी भरून त्वचा मऊ करतात. त्यात वनस्पतिजन्य तेले, शिया बटर, स्क्वालेन आणि सीटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल येतात. या शेवटच्या दोघांच्या नावातील ‘अल्कोहोल’ पाहून घाबरण्याचे कारण नाही, ते मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत आणि त्वचा कोरडी करत नाहीत. तिसऱ्या गटातील घटक वर पातळ आवरण तयार करून पाण्याचे बाष्पीभवन रोखतात: पेट्रोलियम जेली, खनिज तेल, लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण, डायमेथिकोन. ‘लोशन’, ‘क्रीम’ आणि ‘मलम’ यांतील फरक मुख्यतः पाणी आणि तेल यांच्या प्रमाणाचा असतो. लोशनमध्ये पाणीच सर्वाधिक असते आणि ते लावल्यानंतर काही मिनिटांत उडून जाते, तेव्हा मागे काय उरते, एवढेच महत्त्वाचे. लावताक्षणी वाटणारा थंडावा सुखद असला तरी तो ओलावा टिकल्याचा पुरावा नव्हे.

कामाच्या वेळेत लावायचे लोशन निवडताना मी सर्वाधिक महत्त्व कशाला देते, हे सांगितले तर काहींना ते उथळ वाटेल: ते मिनिटभरात मुरायला हवे आणि हात चिकट राहता कामा नयेत. चिकट हातांनी नमुन्याच्या नळ्या धरता येत नाहीत, कळफलकावर डाग पडतात आणि हातमोजे नीट चढत नाहीत. असे लोशन कितीही गुणकारी असले तरी दुपारपर्यंत ते खणातच पडून राहते, आणि खणातल्या लोशनचा हातांना काहीही उपयोग नाही. दिवसा लावलेले काहीही तसेही पुढच्या धुण्यात बऱ्याच अंशी निघून जाणार असते. म्हणून ग्लिसरीन घटकांच्या यादीत वरच्या क्रमांकावर असलेले आणि जोडीला डायमेथिकोन असलेले, सुगंध नसलेले हलके क्रीम किंवा घट्टसर लोशन मला कामाच्या वेळेसाठी सर्वांत योग्य वाटते. ग्लिसरीन स्वस्त आणि जुने असल्यामुळे त्याची जाहिरात फारशी कोणी करत नाही, तरी कोरड्या त्वचेसाठी त्याची बरोबरी करणारे घटक थोडेच आहेत. दिवसा महागडे सेरामाइडयुक्त क्रीम वापरणे चुकीचे नाही, पण ते तासाभराने नळाखाली वाहून जाणार असेल, तर त्याच्यासाठी रात्रीची वेळ राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

रात्रीची निवड याच्या अगदी उलट करावी. पुढचे सहा-सात तास हात कोरडे राहणार असतात, कशालाही स्पर्श करायचा नसतो, आणि त्वचेची दुरुस्ती निर्वेध चालू शकते असा दिवसातला तेवढाच सलग काळ हाती असतो. इथे चिकटपणा हा दोष राहत नाही. पेट्रोलियम जेलीचे पेटंट १८७२ साली घेतले गेले, आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांत कितीतरी नवे पदार्थ आले तरी त्वचेतून उडणारे पाणी रोखण्यात आजही तिच्या तोडीचे फारसे काही नाही. तिचे एक वैशिष्ट्य असे की स्वतः तिच्यात पाणी नसते, म्हणून ती पूर्ण कोरड्या हातांवर चोळण्यापेक्षा किंचित ओलसर हातांवर, किंवा आधी लावलेल्या ग्लिसरीनयुक्त क्रीमवर लावावी. तिच्यावर सुती हातमोजे घालून झोपणे सुरुवातीला विचित्र वाटते खरे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी निदान चिरा पडलेल्या बोटांवर आणि नखांच्या कडांना तरी जाड थर द्यावा.

युरियाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण त्याच्या टक्केवारीने त्याचे कामच बदलते. ५ ते १० टक्क्यांपर्यंत तो मुख्यतः ओलावा धरतो. २० टक्के आणि त्यापुढे तो जाड, कडक त्वचा सैल करून काढू लागतो, जे टाचांसाठी ठीक असले तरी धुऊन धुऊन आधीच पातळ आणि लाल झालेल्या हाताच्या पाठीसाठी मुळीच ठीक नाही. चिरा उघड्या असतील तर कमी प्रमाणातला युरियाही झोंबतो. अशा वेळी आधी काही दिवस साध्या मलमाने चिरा भरू द्याव्यात आणि युरिया त्यानंतर आणावा.

वेष्टनावरची घटकांची यादी सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, मात्र १ टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे समोर ठळक अक्षरांत मिरवलेला एखादा वनस्पतीचा अर्क यादीत सुगंध आणि परिरक्षकांच्या (उत्पादन खराब होऊ नये म्हणून घातलेल्या पदार्थांच्या) शेजारी, तळाशी सापडला तर त्याचे प्रमाण नाममात्र असण्याचीच शक्यता अधिक. सुगंध मी पूर्णपणे टाळते. तडा गेलेल्या त्वचेतून असे पदार्थ सहज आत शिरतात आणि एकदा ॲलर्जी निर्माण झाली की ती बहुधा आयुष्यभर राहते. ‘गंधरहित’ लिहिलेल्या काही उत्पादनांत मूळचा वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते, म्हणून समोरचा दावा वाचून न थांबता यादी पाहावी. ‘नैसर्गिक’ सुगंधी तेलांनाही हाच नियम लागू आहे; लिमोनीन आणि लिनालूल ही संत्र्यासारख्या फळांच्या आणि लॅव्हेंडरच्या तेलांतली द्रव्ये हवेशी संयोग पावली की ॲलर्जी निर्माण करू शकतात. परिरक्षकांपैकी मेथिलआयसोथायाझोलिनोन हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच्यामुळे होणाऱ्या ॲलर्जीचे प्रमाण इतके वाढले की युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर तसेच राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत त्याच्या वापरावर बंदी घातली. काही ठिकाणच्या द्रव साबणांत मात्र ते अजूनही आढळते.

किती लावायचे, याबाबत लोक फार कंजुषी करतात. त्वचारोगतज्ज्ञ मलमाचे माप सांगताना तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली रेघ हे एकक वापरतात. ते साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते. म्हणजे दोन्ही हातांना दर वेळी सुमारे १ ग्रॅम लागते. दिवसातून पाच वेळा लावले तर ५० ग्रॅमची नळी दहा दिवसांत संपायला हवी. ज्यांची नळी दोन-तीन महिने पुरते त्यांनी लोशन बदलण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा, आणि उत्पादन निवडताना आपल्याला मोठ्या प्रमाणावर परवडेल असेच निवडावे. लावतानाही तळहातावर तळहात चोळून थांबू नये. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, अंगठीखालची जागा आणि हाताची पाठ इथेच त्वचा आधी फाटते, म्हणून सुरुवात पाठीकडून केलेली बरी.

कामाच्या ठिकाणचे काही नियम लोशनच्या निवडीवर थेट परिणाम करतात. नैसर्गिक रबराच्या, म्हणजे लॅटेक्सच्या हातमोज्यांना पेट्रोलियम जेली आणि खनिज तेल कमकुवत करतात, त्यामुळे असे मोजे वापरणाऱ्यांनी पाळीच्या वेळेत तेलप्रधान मलम लावू नये. नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे मोजे मात्र तेलापुढे बरेच अधिक टिकतात. जिथे क्लोरहेक्सिडीन असलेला जंतुनाशक साबण वापरतात, तिथे ऋणभारित घटक असलेले काही लोशन त्याचा त्वचेवर टिकणारा परिणाम कमी करतात, म्हणून रुग्णालयाने संमत केलेलेच लोशन वापरावे. सर्वांनी मिळून बोटे घालायची उघडी डबी तर कुठेच नको, कारण दूषित लोशनमधून जंतुसंसर्ग पसरल्याच्या घटना रुग्णालयांत घडलेल्या आहेत. पंपाची बाटली किंवा प्रत्येकाची स्वतंत्र नळी हाच योग्य मार्ग होय.

हातांवर चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रावणामुळे (सॅनिटायझरमुळे) हात अधिक कोरडे पडतात, असा समज आमच्याकडेही पक्का आहे. वास्तविक हातांवर दिसण्याजोगी घाण नसेल आणि कामाचे नियम परवानगी देत असतील, तर असे द्रावण साबण-पाण्यापेक्षा त्वचेला सौम्य ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या सूत्रात त्वचेच्या रक्षणासाठी १.४५ टक्के ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, मुद्दाम घातलेले आहे. द्रावण झोंबते ते आधीच पडलेल्या चिरांमुळे. ते चोळल्यावर लगेच साबणाने हात धुण्याची सवय मात्र मोडावी, कारण त्यात फायदा काहीच नाही आणि त्वचेवर दुहेरी मारा होतो.

लोशन नियमित लावूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, खाज किंवा बारीक पाण्याचे फोड येऊ लागले, चिरांतून रक्त किंवा पू येऊ लागला, किंवा लालसरपणा मनगटापलीकडे सरकला, तर ही नुसती कोरडी त्वचा राहिलेली नसते. तिथे त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला हवे. ॲलर्जीचा संशय असेल तर ते पाठीवर पट्ट्या लावून चाचणी घेतात आणि पुढील काही दिवसांत तिचे निष्कर्ष तपासतात. जाताना वापरातल्या सर्व लोशनच्या नळ्या, कामावरच्या साबणाच्या वेष्टनाचे छायाचित्र आणि हातमोज्यांच्या खोक्यावरचा मजकूर सोबत न्यावा, कारण रबराच्या मोज्यांतील रासायनिक द्रव्यांची ॲलर्जी हातांवर कोरडेपणासारखीच दिसू शकते आणि तिच्यावर कोणत्याही लोशनचा उपाय चालत नाही.