सोळा पॅलेट आणि नंबर फक्त आठ

मी भिवंडीजवळच्या एका डिस्ट्रिब्युशन सेंटरला इनवर्डला आहे, म्हणजे गाडी डॉकला लागली की माल मोजून, स्कॅन करून आत घ्यायचा आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करायचं. इथून पुढे तो माल दुकानांना जातो. आज लिहायचंय ते पॅलेटवरच्या, म्हणजे एका पाटावर रचून गुंडाळलेल्या बॉक्सच्या थप्पीवरच्या लेबलबद्दल, कारण गेल्या पावसाळ्यात त्या एका कागदापायी अख्खी शिफ्ट गेली आमची.

बिस्किटांची गाडी होती, सोळा पॅलेट. पहिले आठ पटापट आत गेले आणि नवव्याला हँडहेल्ड (हातातला स्कॅनर) म्हणायला लागलं की हा पॅलेट आधीच घेतलाय. आमच्या मुलाला वाटलं चुकून दोनदा स्कॅन झालं असेल, म्हणून तो दहाव्याकडे गेला, तिथेही तेच, मग अकरावा, बारावा... शेवटी मी सगळे नंबर कागदावर लिहून काढले तेव्हा कळलं की सोळा पॅलेटवर मिळून नंबर आठच आहेत, प्रत्येक नंबर दोन पॅलेटवर.

कारण कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण पाठवणाऱ्याने नियम पाळायचाच प्रयत्न केला होता. जीएस१ (बारकोडचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) चं मार्गदर्शन असं आहे की एका पॅलेटला एकाच नंबरची दोन लेबलं लावा, शेजारशेजारच्या दोन बाजूंना, एक लांब बाजूला आणि एक आखूड बाजूला, म्हणजे एक तरी समोर दिसायची शक्यता वाढते. म्हणून त्यांनी प्रिंटरला कॉपी २ अशी सेटिंग केली, पण डिस्पॅचला नवीन आलेल्या पोराला कुणी सांगितलंच नाही, त्याने रोल फाडत फाडत एका पॅलेटला एक असं चिकटवत नेलं. झालं.

आता लोक म्हणतात एवढं काय, माल तर आलाय ना. पण पॅलेटचा नंबर म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड नव्हे. पुड्यावरचा नंबर त्या जातीच्या लाखो पुड्यांवर सारखाच असतो, पॅलेटचा मात्र त्या एकाच पॅलेटचा. अठरा आकडी असतो, त्याला एसएससीसी म्हणतात आणि लेबलवर त्याच्या आधी कंसात (००) छापलेलं असतं. पहिला आकडा कंपनी स्वतः ठरवते, मग कंपनीचा प्रीफिक्स (भारतात घेतलेला असेल तर ८९० ने सुरू होणारा), मग अनुक्रमांक आणि शेवटी चेक डिजिट, म्हणजे नंबर बरोबर वाचला का ते तपासायचा आकडा. पॅलेट पाठवल्यापासून किमान एक वर्ष तो नंबर परत वापरायचा नसतो. त्या नंबरवरच सिस्टीमला कळतं की ह्या पॅलेटवर किती बॉक्स आहेत, बॅच कुठली, बेस्ट बिफोर कधीची. म्हणून नंबर डबल झाला की नंतरचे आठच नाही, आधी घेतलेले आठही संशयात येतात, कारण लेबल नक्की कुठल्या पॅलेटचं हे कोण सांगणार? सोळाच्या सोळा पॅलेटचं स्ट्रेच रॅप (गुंडाळलेलं प्लास्टिक) कापलं, प्रत्येक बॉक्सवरची बॅच वाचली, मोजलं, परत रॅप केलं, नवीन लेबलं काढली. बॅचही वेगवेगळ्या निघाल्या. तसंच आत घेतलं असतं तर आधी संपणारा माल रॅकवर मागे पडून राहिला असता. बाहेर पाऊस, ड्रायव्हर बिचारा जेवण सोडून थांबलेला आणि लोडिंगच्या दादांनी एक शब्द न बोलता सगळे पॅलेट हाताने परत लावले, ते मी विसरणार नाही.

लेबल कुठे लावायचं हेही ठरलेलं आहे. बारकोड पॅलेटच्या तळापासून ४०० ते ८०० मिलिमीटर उंचीवर हवा आणि उभ्या कडेपासून निदान ५० मिलिमीटर आत. कोपऱ्याला लावलेलं लेबल ट्रकमध्ये शेजारच्या पॅलेटला घासून फाटतं, हे मी रोज बघते. रेघा उभ्या हव्यात, कुंपणासारख्या, आडव्या नकोत. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडायचीच, डिझाइन करणारे तिथे लोगो टाकतात आणि मग स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो तेच कळत नाही. आणि कृपा करून लेबल रॅपच्या वरून लावा, आतून नको, प्लास्टिकच्या चार थरांतून लाइट चमकते आणि माणूस पाच वेळा गन तिरकी करत बसतो. शाईच्या रिबनशिवाय, नुसत्या उष्णतेने छापला जाणारा कागद पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात पडून राहिला तर काळा पडतो किंवा छपाई फिकी होते, त्यामुळे माल जास्त दिवस राहणार असेल तर रिबनचाच प्रिंटर वापरा.

त्या सप्लायरशी मी नंतर स्वतः फोनवर बोलले. तोच पोरगा होता लाइनवर, खूप घाबरलेला. त्याला म्हटलं, अरे तुझी चूक नाही, तुला कुणी शिकवलंच नव्हतं. आता तो प्रत्येक पॅलेटला दोन्ही लेबलं लावून दोन्ही स्कॅन करतो, नंबर तोच आला तरच पुढच्या पॅलेटला हात लावतो आणि गाडी सुटायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. परवा फोटोखाली लिहिलं होतं, ताई उंची टेपने मोजली, ६२० आहे.