आधी नळाचे पाणी, मग मासे आणि शेवटी टाकी

परदेशातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी चार वाजताच अंधारून येऊ लागले, तेव्हा घरात काहीतरी हलते-फिरते हवे, असे आम्हा दोघांनाही वाटू लागले. भाड्याच्या घराच्या करारात कुत्र्या-मांजरांना मनाई होती, माशांबद्दल मात्र एक अक्षरही नव्हते. एका शनिवारी आम्ही वीस लिटरची टाकी, सहा निऑन टेट्रा, तीन गप्पी आणि काच स्वच्छ ठेवतो म्हणून एक सकर असा सगळा संसार एकाच फेरीत घरी आणला. दहाव्या दिवशी पाणी दुधाळ झाले, निऑनच्या अंगावरचा लाल पट्टा फिकट पडला आणि पुढच्या आठवड्याभरात सकर सोडून एकही मासा उरला नाही. तिकडे ज्यांना टाकी घ्यायची आहे, त्यांनी निदान आमचीच चूक पुन्हा करू नये, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात वसतात आणि त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या टाकीत ती वस्ती नव्हती आणि पाणी इतके थोडे होते, की दोन चिमटी जास्त खाद्यही विष ठरावे. नवख्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी, हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण लहान टाकीत तापमान आणि पाण्याचा दर्जा झपाट्याने बदलतो, त्यामुळे ती सांभाळायला अनुभवी हात लागतो.

दुसऱ्या खेपेला आम्ही सुरुवात नळापासून केली. रात्रभर बादलीत पाणी भरून ठेवले की क्लोरीन उडून जातो, हा लहानपणापासूनचा आमचा भरवसा इथे कामाला आला नाही, कारण इथल्या पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग असते आणि ते असे उडून जात नाही. त्यासाठी पाण्यात औषधच घालावे लागते. शिवाय तपासणीत आमचे पाणी बऱ्यापैकी जड, म्हणजे क्षार जास्त असलेले निघाले आणि पीएच ७.८, म्हणजे किंचित अल्कधर्मी. निऑन हा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला मासा, तर गप्पी, मोली आणि प्लाटी यांना जड पाणी मानवते. म्हणजे पहिल्या टाकीत आम्ही जे दोन मासे शेजारी शेजारी नांदवू पाहत होतो, त्यांची पाण्याची आवडच वेगळी होती.

मग माशांची निवड आली. इंचाला गॅलन, म्हणजे माशाच्या दर इंच लांबीमागे एक गॅलन पाणी, हा जुना हिशेब आम्ही सोडून दिला, कारण लांबी दुप्पट झाली की माशाचे वजन ढोबळमानाने आठपट होते आणि त्याची घाणही त्याच प्रमाणात वाढते. दुकानातला मासा बहुधा पिल्लू असतो, हे तर कोणी सांगतच नाही. आमचा तो सात सेंटिमीटरचा सकर पुढे फूटभराच्याही वर गेला असता; दुकानदाराने तो परत घेतला, हे आमचे नशीब. एंजल दिसायला देखणा खरा, पण मोठा झाला की निऑनसारखे मासे गिळतो. टायगर बार्ब दुसऱ्यांचे पर कुरतडतो. गोल्डफिशला थंड पाणी लागते आणि तो घाणही फार करतो.

दुकानातल्या एका काचेपाशी मात्र पाय अडखळला. रुपेरी अंग, त्यावर लाल आणि काळा पट्टा असलेला तो मासा रोझलाइन शार्क या नावाने विकायला होता. घरी येऊन वाचले तेव्हा त्याचे शास्त्रीय नाव सह्याद्रिया डेनिसोनी निघाले. पश्चिम घाटातल्या वाहत्या नद्यांमधला हा मासा आणि २०१३ साली त्याच्या प्रजातीला नावही सह्याद्रीचेच दिलेले. मोह फार झाला. परंतु तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, थव्याने राहतो, त्याला पोहायला चार फूट लांब टाकी आणि भरपूर प्राणवायू लागतो आणि निसर्गात तो संकटग्रस्त आहे. तेव्हा तो विषय तिथेच मिटवला.

अखेर यादी अशी ठरली: मधल्या थरात दहा चेरी बार्ब, तळाशी आठ ब्राँझ कोरी (तळ चाचपत फिरणारे छोटे मिशाळ मासे), वरच्या थरात पाच गप्पी आणि बारा सेंटिमीटरच्या आसपास थांबणारा एक ब्रिसलनोज, म्हणजे सकरचाच छोटा भाऊबंद. गप्पी फक्त नर घेतले, कारण गप्पीची मादी नराचे बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते आणि एकटी आणली तरी पिल्ले देत राहते. कोरीच्या मिशा नाजूक असतात, म्हणून तळाला धारदार खड्यांऐवजी बारीक रेती घातली.

टाकीचे माप ठरवायला मग वेळ लागला नाही. उंच टाकीपेक्षा लांब टाकी बरी, कारण पोहायला जागा मिळते आणि हवेशी भिडणारा पृष्ठभागही वाढतो. ९० × ३५ × ४० सेंटिमीटर म्हणजे १२६ लिटर, अर्थात नुसत्या पाण्याचेच सव्वाशे किलो. रेती, काच आणि स्टँड धरून दीडशेच्या वर. वरच्या मजल्यावरच्या लाकडी जमिनीवर एवढा भार टाकण्यापूर्वी आम्ही घरमालकांना विचारले आणि टाकी मुख्य भिंतीला लावून ठेवली.

पाच आठवडे ती टाकी माशांवाचून चालली. जिवाणूंना पोसायला रोज मोजून अमोनिया घालायचा आणि तपासणीच्या नळीतला रंग पाहायचा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले, तेव्हा आधी चेरी बार्ब आणले, दोन आठवड्यांनी कोरी आणि त्यानंतर बाकीचे. कोरी आले त्या रात्री एक मासा तळातून बाणासारखा वर आला, पृष्ठभागाला तोंड लावून पुन्हा खाली गेला आणि पाठोपाठ दुसराही तसाच. पाण्यातला प्राणवायू कमी पडला, या धास्तीने मी रात्री बारा वाजता फिल्टर उघडून बसलो. हा मासा अधूनमधून हवेचा घोट गिळतो आणि आतड्यांतून प्राणवायू शोषतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. काळजी करायची ती सगळेच सारखे वर येऊ लागले तर.