एवढंच होतं का?

सर्व्हरचं लॉगिंग मधूनच अडकायचं, त्याची दुरुस्ती सकाळच्या कॉलवर दाखवली तेव्हा सर म्हणाले, "एवढंच होतं का?" हिंजवडीहून निघून वाकडचा पूल मागे पडला तरी ते ‘एवढंच’ डोक्यातून जाईना.

आमचा क्लास लॉगफोरजे १.२ (जावातली लॉग लिहिणारी लायब्ररी) च्या जेडीबीसीअपेंडरवरून, म्हणजे लॉगच्या ओळी डेटाबेसच्या टेबलात टाकणाऱ्या पॅरेंट क्लासवरून, काढलेला. त्यात गेटकनेक्शन नीट ओव्हरराइड केलंय, म्हणजे पॅरेंटच्या मेथडच्या जागी आपली चालते; कनेक्शन हिकारी पूलमधून, म्हणजे डेटाबेसच्या तयार कनेक्शनच्या साठ्यातून येतं, आणि वापरून झालं की परत द्यावं लागतं. क्लोजकनेक्शन मात्र बिनपॅरामीटरचं. पॅरेंटची एक्झिक्यूट मेथड (इन्सर्ट चालवणारी) क्लोजकनेक्शनला कनेक्शन हातात देऊन बोलावते, म्हणजे आपलं नुसतंच ओव्हरलोड (त्याच नावाची वेगळी मेथड) ठरतं आणि चालते पॅरेंटचीच मेथड, जिच्या आत काही नाही. पॅरेंटपुरतं ते बरोबर आहे, तो एकच कनेक्शन शेवटपर्यंत उघडं ठेवतो. पूल जोडला की मात्र प्रत्येक ओळ एक कनेक्शन घेऊन जाते. कंपायलर गप्प. वर ओव्हरराइड अ‍ॅनोटेशन (‘ही पॅरेंटचीच मेथड बदलतोय’ सांगणारी खूण) असतं तर बिल्ड तिथेच पडलं असतं.

हिकारीची मूळ मर्यादा १०. टेबलात फक्त एरर जातात, म्हणून १० संपायला दिवस लागायचे. मग अकरावा एरर कनेक्शनसाठी ३० सेकंद ताटकळतो. प्रत्येक ओळ ज्यातून जाते ती डूअपेंड मेथड सिंक्रोनाइज्ड आहे (एका वेळी एकच थ्रेड आत) आणि लेव्हलची तपासणी त्याच्या आत होते, त्यामुळे साध्या इन्फोच्या ओळीही त्याच्यामागे अडकतात. मूळचा एररहँडलर पहिली चूक तेवढी छापतो, पुढे काहीच नाही. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, म्हणून कोणी खोलात गेलंच नाही. हे ‘एवढंच’ नव्हतं.

हे शोधण्यात शनिवार गेला त्याचं काही नाही. आईला काय सांगितलं ते... जाऊ दे.

आत्ता डिफ (कोडमध्ये काय बदललं ते) पुन्हा पाहिला. एक पॅरामीटर, एक अ‍ॅनोटेशन, आत कनेक्शन बंद करणारी ओळ, ज्याने ते पूलमध्ये परत जातं. खरंच एवढंच आहे. सरांनी जे दिसलं ते म्हटलं.

टेस्ट मला जास्त आवडली: पूल २ चा, टाइमआउट १ सेकंद, तीन एरर लिहायचे आणि तिन्ही ओळी टेबलात सापडायला हव्यात. टेबलातल्या ओळी मोजणारं कनेक्शन पूलबाहेरचं, नाहीतर तेच एक जागा अडवतं. जुन्या कोडवर तिसरी ओळ येत नाही.

एक भोक अजून आहे. लॉगफोरजेच्या आपल्या जुन्या जारमध्ये (लायब्ररीच्या फाइलमध्ये) एसक्यूएल फसलं की एक्झिक्यूट क्लोजकनेक्शनपर्यंत पोचतच नाही. मजकूर थेट क्वेरीत चिकटतो, त्यामुळे मेसेजमध्ये एक अपॉस्ट्रॉफी आली तरी इन्सर्ट मोडतो. लॉगफोरजे १ चा सपोर्ट २०१५ मध्येच संपला, तेव्हा बघायचं आपल्यालाच. उद्या एक्झिक्यूटही ओव्हरराइड करायचं, फायनलीसकट (चूक झाली तरी चालणारा भाग), आणि टेस्टमध्ये चौथा एरर अपॉस्ट्रॉफीचा.