तुम्ही विचारलंत म्हणून : मी अजूनही दुर्खीम जीव तोडून का शिकवतो

गेली अठरा वर्षं मी अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवतोय. प्रशिक्षणात किंवा पेपर तपासायला जमलो, की चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो. "सर, तुम्ही ऊसतोडीच्या भागात शिकवलंय. शाळा समाज जोडते, लायकीप्रमाणे माणसं निवडते, हे प्रकार्यवादाचं म्हणणं तुम्हाला अजून पटतं?" विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना उत्तर नकोच असतं. परवा मात्र एका नव्या शिक्षिकेने मनापासून विचारलं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी माझी बाजू. दुर्खीम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ; प्रकार्यवादाचा पाया त्याच्या विचारात आहे. त्याला लोक सरकारी पोपट समजतात, याचा मला राग येतो. १८८७ पासून फ्रान्समधल्या बोर्दो शहरात तो ज्यांना शिकवत होता, त्यांत शाळामास्तर होते. युद्धात हरलेला, आतून दुभंगलेला देश. चर्चचा धाक ओसरत चाललेला. मग एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी काही करावं, ही सवय लागणार कुठे? त्याचं उत्तर होतं, वर्गात. पोर घरात आईबापाचं असतं. चाळीस परक्या मुलांसोबत एकच नियम पाळायला ते शाळेतच शिकतं. हे मी पाहिलंय. ज्या वाड्या-वस्त्यांमध्ये पाण्यावरून भांडणं होती, तिथली पोरं एका रांगेत बसून खिचडी खाताना पाहिलीत. ज्यांना ही रांग क्षुल्लक वाटते, त्यांच्या आजोबांना कुणी वर्गाबाहेर बसवलेलं नसावं.

फ्रान्सने १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे निवेदन देत होते : शेतसारा शेतकऱ्यांच्या घामातून येतो, खर्च वरच्यांच्या शिक्षणावर होतो, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. दुर्खीम सांगतो शाळा काय करते. फुले विचारतात कुणासाठी करते. मी वर्गात दोघं एकाच तासाला घेतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

२००३ साली मी बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिक्षणसेवक होतो. तीन वर्षं पुरी करून कायम व्हायचं होतं. नववीचा वर्गशिक्षक. त्या वर्गात एक मुलगा होता, आवाज खणखणीत, म्हणून परिपाठाला प्रतिज्ञा रोज तोच सांगायचा. "सारे भारतीय माझे बांधव आहेत" म्हणताना 'सारे'वर असा जोर द्यायचा की मागच्या रांगेतली चुळबुळ थांबायची. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्याला निघायचे, आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळायला याला सोबत न्यायचे. त्या वर्षी तो मार्चच्या अखेरीस परतला. दुसरं सत्र जवळजवळ कोरं. वार्षिक परीक्षेत गणित आणि इंग्रजीत मिळून अकरा गुण कमी पडले.

अकरा गुण आम्ही वाढवू शकत होतो. दरवर्षी वाढवायचो. पण वाढवले असते तर तो दहावीत आला असता, आणि संस्थेला शंभर टक्के निकाल हवा होता. मुख्याध्यापकांनी सात नावांची यादी दिली आणि म्हणाले, पालकांना बोलवा, दाखले द्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसू द्या.

जूनमध्ये त्याचे वडील आले. टोपी हातात, खुर्चीवर बसायला तयार नाहीत. मी त्यांना समजावून सांगितलं, आणि फार चांगलं समजावलं. म्हटलं, प्रत्येकाचा वकूब वेगळा असतो, शाळा फक्त तो ओळखते, मुलाला उगाच ताण देऊ नका. एम.ए.ला पार्सन्स या अमेरिकी प्रकार्यवाद्याचा १९५९ चा लेख वाचलेला होता : घरी माणूस कुणाचा तरी मुलगा असतो, शाळेत सगळ्यांना एकच माप. त्याच पंथातल्या डेव्हिस आणि मूर यांचा १९४५ चा लेखही पाठ होता : महत्त्वाच्या जागी लायक माणसं पोचावीत म्हणून समाजाला चाळणी लागते. तेच मी त्या माणसाला सोप्या मराठीत ऐकवलं.

ते म्हणाले, "सर, तुमी म्हन्ता तं बराबरच आसंल." आणि सही केली. एकेक अक्षर काढत, 'राव'मधला काना रेघेच्या खाली ओढून. मुलगा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बापाच्या हाताकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला प्रतिज्ञेची वेळ झाली आणि मुलं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी मीच सांगितली.

सतरा नंबरचा फॉर्म त्याने भरला नाही. दोन वर्षांनी कळलं, त्याचाही स्वतंत्र कोयता झाला होता. मुकादमाकडून उचल घेतलेली.

तुम्ही म्हणाल, मग याच सिद्धांताने घात केला ना? मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. मधली चार वर्षं हा पाठ नोट्स देऊन उरकत असे. पण पार्सन्सचं एकच माप त्या मुलाला लागलंच कुठे? आम्ही मोजली त्याची गैरहजेरी आणि नाव दिलं वकूब. दुर्खीमच्या शाळेची कसोटी लावली, तर त्या दिवशी आमची शाळा नापास होती. हा सिद्धांत नीट समजला असता तर मी त्या बापासमोर गप्प बसलो असतो.

असं मी म्हणतो, आणि लगेच शंका येते. नीट समजला नव्हता, की नेमका तेवढाच समजला होता? 'चाळणी' हा शब्द मला दुर्खीमच्या घरातल्यांनीच पुरवला. तो नसता तर नोकरीच्या भीतीने मी दुसरा शोधलाच असता. पण त्या शब्दामुळे भीती विद्वत्तेसारखी दिसली, आणि बापाला ती पटली. बाप भांडला असता तर कदाचित मी यादी परत नेली असती. शाळेवरच्या ज्या विश्वासाला मी समाजाचा सांधा म्हणतो, त्याच विश्वासाने त्याला सही करायला लावली. याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

पुढे हंगामी वसतिगृहं आली, काही मुलं गावात राहू लागली. त्या सातांना त्याचा उपयोग नव्हता. मॅडम, तुम्ही विचारलंत, पटतं का. या वर्षीही ऑगस्टमध्ये तो पाठ येईल, मी फळ्यावर 'निवड' लिहीन, आणि त्याखाली ती अकरा गुणांची गोष्ट सांगेन, नाव न घेता. मुलाचं नाव मला पक्कं आठवतं. यादीतल्या बाकी सहांपैकी दोघांची आठवत नाहीत.