आमची वाटचाल : लग्नपत्रिका ते झाडांच्या पाट्या

बार्शीत आमचं छोटंसं प्रिंटिंगचं दुकान आहे, अण्णांनी चालू केलेलं. तेव्हा लाकडी फ्रेमला जाळी ताणून स्क्विजीने, म्हणजे रबरी पट्टीने, एकेक लग्नपत्रिका ओढायची आणि वाळत ठेवायची, शाळेतनं आलो की माझं काम पत्रिका मोजून गठ्ठे बांधायचं. पुढं फ्लेक्स आले, व्हिनाइल आलं, कोरलड्रॉ हे डिझाईनचं सॉफ्टवेअर मी शिकलो, अण्णा गल्ल्यावर बसले.

आज आमचा धंदा चालतो तो क्यूआर कोडवर, म्हणजे मोबाईलने स्कॅन करायच्या त्या ठिपक्यांच्या चौकोनावर. तसा तो जुना. जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने १९९४ ला तो काढला, गाड्यांच्या पार्ट्सचा हिशोब ठेवायला, आणि पेटंट असून लोकांना वापरू दिला म्हणून आज आपल्याला कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. पण मला त्याचं खरं काम कळलं ते आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेमुळे. डिसले गुरुजींनी पुस्तकात कोड टाकले, पोरांनी मोबाईल धरला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो. २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा म्हटलं, कागद तर आपण रोजच छापतो की, मग आपण का नाही?

सुरुवात केली लग्नपत्रिकेवर कार्यालयाच्या लोकेशनचा कोड टाकून, आणि पहिल्याच मोठ्या ऑर्डरला तोंडावर आपटलो. मरून कार्ड, त्यावर सोनेरी फॉइलमध्ये कोड, ६०० पत्रिका. दिसायला एक नंबर. पण कोडला गडद ठिपके आणि फिकट पार्श्वभूमी लागते, आमचं नेमकं उलटं, त्यात फॉइलची चमक, आणि डिझाईन रिकामं वाटतं म्हणून मी कोडला अगदी चिकटून वेलबुट्टी काढलेली. चारही बाजूंनी कोडमधल्या चार-चार चौकटींएवढी (चौकट म्हणजे त्यातला एकेक बारीक चौकोन) मोकळी जागा सोडावी लागते हे तेव्हा कुणाला माहीत होतं! काही फोनवर चालायचं, बाकीच्यांवर नुसता कॅमेरा. नवरीचे मामा पत्रिका घेऊन दुकानात आले, काही बोलले नाहीत, फक्त स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून ६०० काळेपांढरे स्टिकर चिकटवले. अण्णा म्हणाले, "त्यापेक्षा पत्ता मराठीत लिहायचा होतास."

मधे पेमेंटचे स्टँड आणि हॉटेलचे मेनू भरपूर छापले पण ते कुणीही छापतं, भाव पडले, सोडून दिलं.

मग झाडांचं काम मिळालं. एका कॉलेजच्या आवारातली १४० झाडं, प्रत्येकाला अ‍ॅल्युमिनियमची पाटी, कोड स्कॅन केला की झाडाची माहिती आणि फुलोऱ्याचे फोटो. माहिती वनस्पतिशास्त्राच्या सरांनी लिहिली, पाट्या आम्ही लावल्या, उद्घाटन झालं, पेपरात फोटो आला. अकरा महिन्यांनी सरांचा फोन, "अहो, कडुलिंब स्कॅन केला की पैसे भरा म्हणतंय." मी कोड एका फुकट साईटवर बनवलेले. म्हणजे कोडमध्ये आमच्या पानाचा नाही तर त्या साईटचा पत्ता होता, तिथनं ती पुढं पाठवायची, आणि फुकटची मुदत संपली की दार बंद. पाटीवरचे ठिपके काय आता खोडून बदलता येत नाहीत. १४० च्या १४० पाट्या स्वखर्चाने नव्याने बनवून दिल्या, त्या वर्षी दिवाळी साधीच झाली.

पण त्यातनंच आमचा आजचा धंदा उभा राहिला. स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतलं, नाव मुद्दाम अगदी छोटं. पत्ता जेवढा लांब तेवढ्या कोडमध्ये चौकटी जास्त, सगळ्यात लहान कोड २१ बाय २१ चा असतो आणि मोठा पार १७७ बाय १७७ पर्यंत जातो, त्यामुळे छोटा पत्ता असला की त्याच जागेत चौकटी मोठ्या बसतात आणि धुळीतही वाचल्या जातात. पाटीत आमच्याच डोमेनचा पत्ता, त्यामागचं पान कॉलेजला हवं तेव्हा बदला. दुसऱ्या खेपेला साईजही वाढवली, कारण आधीच्या पाटीवरचा कोड ४ सेंटीमीटरचा, तो साधारण त्याच्या दहापट अंतरावरनं म्हणजे हातभरावरनंच वाचला जायचा, आणि पोरं स्कॅन करायला पार झाडाच्या आळ्यात उभी राहायची, चिखलात. माळीकाका वैतागलेले.

आता गिऱ्हाईकाला पहिलं विचारतो, छपाईचं नंतर बघू, ते पान कोण सांभाळणार? बरेचजण गप्प होतात. मग आम्ही सांभाळतो, वर्षाचे वेगळे पैसे घेऊन. डोमेन रिन्यू करायची तारीख अण्णांनी उधारीच्या वहीत पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलीय, महिनाभर आधीपासनं रोज सकाळी विचारतात, "भरलं का रे?"

सध्या एका सीताफळवाल्या शेतकऱ्याचं बॉक्सचं काम चालू आहे, कोडमधनं बागेचा व्हिडिओ दाखवायचाय. त्यांना कोडच्या मधोमध स्वतःचा फोटो पाहिजे. एच लेव्हल, म्हणजे खराब झालेला भाग भरून काढायची कोडमधली सगळ्यात वरची पातळी, घेतली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं, पण तेवढी सूट फोटोनेच खाल्ली तर बॉक्स घासल्यावर काय उरणार, हे त्यांना दोनदा सांगून झालं. उद्या परत येणार आहेत, फेटा बांधलेला नवीन फोटो घेऊन.