जुनी पिकअप, घरचं शेड आणि आधी पाणी बघा

आमच्याकडे जुनी डिझेल पिकअप बसते ना ती बहुतेक वेळा पाण्यापायी बसते. नाव ओव्हरलोडचं घेतात सगळे, पण रावेर-यावल पट्ट्यात केळी वाहणारी कुठलीही म्हातारी गाडी घ्या, इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरची कॅप काढा आणि आत बोट फिरवा, पांढरा खरखरीत थर लागतो हाताला. बोअरच्या पाण्याचा क्षार तो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या आतही बसलेला असतो, मग मे महिन्यात पारा ४५ कडे गेला आणि माल भरून चाळीसगावहून कन्नड घाट चढायला घेतला की तापमानाचा काटा वर आणि हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंच समजा.

मी घरीच काम करतो, खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, वरती लोखंडी गर्डर आहे त्याला चेन कुप्पी (वजन उचलायची साखळीची कप्पी) लटकवलेली. शिकवलं आमच्या नानांनी, त्यांची हयात ट्रकवर गेली. गाडी गरम होते म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "भो, पहिले पानी देख, मंग इंजिनले हात लाव." मला हे शंभर टक्के पटतं. इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी. आधी कॅपचं रबर बघा, कारण कॅप दाब धरते म्हणून पाणी शंभरच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही, रबर गेलं की शंभरलाच उकळून बाहेर. मग फॅन बेल्ट, वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून गळती, होजपाइप दाबून मऊ पडलाय का ते.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायची पद्धत आहे आणि मला ती अजिबात मान्य नाही. एकतर खूप इंजिनांत बायपासची वाट असते, थर्मोस्टॅट काढला की ती वाट उघडीच राहते आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात फिरत बसतं, म्हणजे ज्यासाठी काढला ते होतच नाही. दुसरं म्हणजे आपली थंडी! धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली येतो, पहाटे माल घेऊन निघालेली गाडी लवकर तापतच नाही आणि थंड इंजिन जास्त झिजतं. नवीन थर्मोस्टॅट टाका, बसवायच्या आधी पातेल्यात पाणी गरम करून त्यात उघडतो का ते डोळ्याने बघा, आणि पुढे बोअरचं पाणी बंद, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट.

एवढं करूनही रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, ऑइल दुधाळ चहासारखं झालं असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि पाणी कमी होत असेल, तर मग हेड काढायचं. हे घरी होतं, फक्त घाई चालत नाही. पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) ज्या नंबरच्या त्याच नंबरला परत जायला हव्यात म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर टाकून खोचून ठेवा. हेडवर सरळ पट्टी तिरकी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा, वाकलं असेल तर लेथवाल्याकडे फेस मारायला (घासून सपाट करायला) द्यायचं, पण गरजेपुरताच, जास्त घासलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून बैठकीवर घासले की तपासायची एक सोपी रीत आहे, डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनचं हेड खालून सपाट असतं त्यामुळे हेड आडवं टेकवायचं, पोर्टमध्ये डिझेल ओतायचं आणि थोडा वेळ थांबून व्हॉल्व्हच्या कडेला ओल येते का बघायची. ओल आली की परत पेस्ट लावून घासा, उगाच "चालून जाईल" म्हणू नका.

बसवताना बोल्टची भोकं हवेने साफ करा, आत तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला. हाताच्या अंदाजाने आवळणारे भारी मिस्त्री मी पाहिलेत, तरी पान्याला पर्याय नाही असं माझं ठाम मत.

गिअर बॉक्सचंही तसंच, उतरवायच्या आधी ऐका. न्यूट्रलला आवाज येतोय आणि क्लच दाबला की थांबतो, तर बॉक्समधलं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच येतो, तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना त्याला ढकलणारं). सेकंड टाकताना खरडतो तर सिंक्रोचा, म्हणजे गिअरचा वेग जुळवून देणाऱ्या कड्याचा, शंकू झिजलाय, रिव्हर्सच खरडतो तर बऱ्याचदा क्लचच नीट सुटत नसतो आणि बॉक्स बिचारा विनाकारण खाली येतो. गिअर चढावर आपोआप सुटत असेल तर मात्र बहुतेक वेळा उतरवावा लागतो.

उतरवताना गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), नुसत्या जॅकवर कधीच नाही, हे कळकळीने सांगतो. जॉइंट शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) सोडायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खूण करा. परत चढवताना क्लच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टने मधोमध धरा आणि बॉक्सचं वजन प्लेटवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो, म्हणून दोन माणसं लागतातच. आमच्याकडे चुलतभाऊ खालून जॅक धरतो आणि मी शाफ्ट फिरवत बसतो, दाते जुळले की "खट्" करून आत जातो आणि दोघांचा जीव भांड्यात पडतो. तेल बघून घ्या, पितळी सिंक्रो असलेल्या जुन्या बॉक्सला ८०डब्ल्यू९० (तेलाचा जाडपणा) पण जीएल-४ (तेलाची प्रत), कारण जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात. दुकानदार "दोन्ही एकच" म्हणेल, डब्यावर वाचा.

डिझेल पंप मात्र मी घरी उघडत नाही. खूण करून काढतो, तोंडं स्वच्छ कापडाने बांधतो आणि टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे जळगावला देतो, बसवून फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढणं तेवढं माझं काम.